कवळीचा अभ्यास

व्याकरणाच्या आरंभींच आपण वर्णांचीं उच्चारस्थानें शिकतों. क, ख, ग हे कंठ्य. ट, ठ, ड हे मूर्धन्य. प, फ, ब हे ओष्ठ्य. आणि त, थ, द, ध, न, त्याचप्रमाणें ल व स हे दंत्य. हा पाठ मीं कित्येक वर्षें मुलांस शिकविला. परंतु 'दंत्य' या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो माझे उरलेसुरले दांत काढून कवळी बसविल्यावरच. नवी कवळी घालून वर्गांत गेलों त्या दिवशीं 'सदा सत्य सांगावें' हें साधें वाक्य माझ्या तोंडून शीळ घातल्यासारखें बाहेर पडलें, आणि मागील बाकांवर हंसूं फुटलें. मी मुलांवर रागावलों नाहीं. परंतु घरीं गेल्यावर कवळी डबींत ठेवली आणि मनाशीं म्हटलें, 'आतां शिकविण्याचें काम पुरें झालें.' तो विचार चुकीचा होता. तो कां चुकीचा होता, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

माणसास दांत दोनदां येतात. दुधाचे २० आणि कायमचे ३२. तिसरी खेप नाहीं. ते जाण्याचीं मुख्य कारणें दोन: दांतांस लागणारी कीड आणि हिरड्यांचा रोग. कीड म्हणजे कोणी किडा नव्हे. तोंडांतील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि तें आम्ल दांताचें कठीण आवरण विरघळवितें. हिरड्यांच्या रोगांत दांत शाबूत असूनही त्याचा आधार ढांसळतो आणि तो हलूं लागतो. तंबाखूनें हा रोग बळावतो. मशेरीनें दांत बळकट होतात ही समजूत अगदीं खोटी आहे. दांत गेले म्हणजे केवळ चावणेंच जातें असें नाहीं. गाल आंत ओढले जातात, शब्द अस्पष्ट होतात, आणि मनुष्य चारचौघांत जेवावयास लाजूं लागतो.

या संकटावर माणसानें फार प्राचीन काळापासून उपाय शोधले. इटलींतील एट्रुस्कन लोक ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीनें कृत्रिम दांत शेजारच्या दांतांस बांधीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७८९ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. त्यांच्या कवळ्या लांकडी होत्या अशी दंतकथा आहे; वास्तविक त्या पाणघोड्याचे दांत, माणसांचे दांत आणि शिसें इत्यादि धातू यांच्या होत्या. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर रणांगणावरील मृत शिपायांचे दांत काढून ते कवळ्यांसाठीं विकले गेले. पुढें चिनी मातीचे दांत आणि कठीण रबराची बैठक यांमुळें कवळी स्वस्त झाली, आणि १९३७ च्या सुमारास अॅक्रिलिक हा पदार्थ आल्यावर तिला हिरडीसारखा गुलाबी रंगही लाभला. आपल्या देशांत या विद्येचें पहिलें महाविद्यालय डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास स्थापिलें.

कवळी टोपीप्रमाणें बाजारांतून आणून घालतां येत नाहीं. दांत काढल्यावर हिरडी भरून येण्यास सहा ते आठ आठवडे, कित्येकदां त्याहूनही अधिक काळ, द्यावा लागतो. नंतर दंतवैद्य दोन्ही जबड्यांचा ठसा घेतो व त्यावरून प्लास्टरचा नमुना करतो. मग मेणाच्या कडा तोंडांत बसवून दोन जबड्यांमध्यें अंतर किती असावें आणि ते एकमेकांवर कसे मिळतात, हें ठरवितो. त्यानंतर दांत मेणांत बसवून तोंडांत घालून पाहतात. ही पाहणी फार महत्त्वाची. दांतांचा रंग, आकार किंवा ओठांची ठेवण आवडली नसेल तर तें याच वेळीं सांगावें, आणि शक्य तर घरचें एक माणूस सोबत न्यावें. पुढें मेणाच्या जागीं अॅक्रिलिक येतें, आणि मग बदल करणें अवघड होतें. पुऱ्या कवळींत बहुधा २८ दांत असतात. अक्कलदाढा बसवीत नाहींत.

आतां ती तोंडांत राहते कशी? दोन कांचा पाण्यानें ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहींत, हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. वरची कवळी टाळू झांकते, आणि मध्यें असलेल्या लाळेच्या पातळ थरामुळें ती तशीच चिकटून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालाच्या आकाराची असते. तिला जागा थोडी आणि जीभ तर अखंड हालणारी. म्हणून खालची कवळी जिभेनें व गालांनीं सांवरावयास शिकावें लागतें. पहिले कांहीं दिवस तोंड भरल्यासारखें वाटतें आणि लाळ फार सुटते. हीं चिन्हें कवळी बिघडल्याचीं नव्हत. तीं आपण अजून विद्यार्थी असल्याचीं होत.

जेवणाचाही नवा श्रीगणेशा करावा लागतो. कवळीची चावण्याची शक्ती नैसर्गिक दांतांच्या चौथ्या हिश्श्याच्या आंतबाहेरच असते. आरंभीं मऊ भात, मुगाची खिचडी, आमटींत कुसकरलेली भाकरी असें अन्न घ्यावें. घांस लहान असावा व तो दोन्ही बाजूंनीं एकदमच चावावा. एकाच बाजूनें चावल्यास दुसरी बाजू उचलते. पेरू किंवा कणीस पुढच्या दांतांनीं तोडूं नये, फोडी करून वा दाणे काढून खावे. टाळू झांकला गेल्यानें ऊन पदार्थाची जाणीव उशिरां होते, म्हणून चहा जपून प्यावा. 'दांत आहेत तर चणे नाहींत' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. कवळीवाल्यानें चण्यांची घाई करूं नये इतकेंच.

कवळी कोठें टोंचूं लागली तर ती घरीं कानशीनें घासूं नये. वैद्याकडे जावें, आणि जाण्यापूर्वीं कांहीं तास ती घालून ठेवावी, म्हणजे टोंचण्याची जागा त्यास नीट दिसते.

बोलण्याचें काय? या बाबतींत माझी गुरु झाली ती माझी सातवींतील नात. डबींत ठेवलेली कवळी पाहून ती म्हणाली, "आजोबा, तुम्हींच आम्हांला सांगतां ना, कीं अडलेला शब्द दहादां मोठ्यानें वाचावा?" मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीपासून मी रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्यानें वाचूं लागलों, आणि ती समोर बसून अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीनें खूण करूं लागली. स आणि त यांनीं छळलें. 'चमचा' आणि 'जहाज' यांतील दांतांजवळचे च व ज तर त्याहूनही हट्टी निघाले. पहिल्या रात्रीं पान खुणांनीं भरून गेलें. तीन आठवड्यांनीं एका पानावर चारच खुणा राहिल्या.

निगेचे नियम थोडे आहेत, परंतु ते चुकवूं नयेत. रात्रीं कवळी काढून पाण्यांत ठेवावी, म्हणजे हिरड्यांस विसांवा मिळतो व कवळी वाळत नाहीं. ती मऊ ब्रशानें साध्या साबणानें धुवावी. खरखरीत पूड वापरल्यास चरे पडतात, आणि उकळत्या पाण्यानें तिचा आकार बिघडतो. धुतांना खालीं पाण्यानें भरलेलें घमेलें ठेवावें, म्हणजे हातांतून निसटली तरी फुटत नाहीं. हिरड्या व जीभही स्वच्छ करावी. दांत गेल्यावर जबड्याचें हाड, विशेषतः खालचें, वर्षानुवर्षें झिजत राहतें; म्हणून चांगली बसलेली कवळीही कालांतरानें सैल होते. वर्षांतून एकदां ती वैद्यास दाखवावी. आज खालच्या जबड्यांत टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची सोयही झाली आहे. परंतु ती खर्चाची आहे, आणि सर्वांस मानवतेच असें नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरीं आजी सर्वांचें जेवण झाल्यावर एकटीच जेवावयास बसत असेल, किंवा पाहुणे आले असतां आजोबा अबोल होत असतील, तर त्याचें कारण कित्येकदां दांत हेंच असतें. त्यांची कवळी डबींत पडून असेल तर हंसूं नका. त्यांना सोबत घेऊन वैद्याकडे जा, आणि त्यांचें वाचन ऐकावयास बसा. पालकहो, भाकरी कुसकरून देण्यास फार वेळ लागत नाहीं. आणि मुलांनो, तुमचे स्वतःचे दांत सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं घासावयास विसरूं नका. कारण उत्तम कवळीही गेलेल्या दांताची बरोबरी करीत नाहीं.

महिनाभरानें मी पुन्हां त्याच वर्गांत गेलों आणि फळ्यावर दंत्य वर्ण लिहिले. 'सदा सत्य सांगावें' हें वाक्य मीं हळू, परंतु स्पष्ट म्हटलें. मागील बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आज स नीट आला." त्या दिवशीं परीक्षा माझी होती, आणि उत्तीर्ण झाल्याचा आनंद विद्यार्थ्याइतकाच शिक्षकासही होतो, हें मला वयाच्या उत्तरार्धांत कळलें.