घटक ४ : दीर्घ कथनातील विसंगती आणि वाचकांचे तर्क

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• दीर्घ कथनात विसंगती का निर्माण होतात, हे सांगता येईल.
• विसंगती दूर करण्यासाठी वाचक करीत असलेल्या तर्कांचे प्रकार ओळखता येतील.
• महाभारतातील तीन उदाहरणांच्या आधारे एखाद्या तर्काची पारख करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संहितेची संसक्ती आणि सुसंगती या दोन संकल्पना अभ्यासल्या. वाक्ये एकमेकांशी व्याकरणाने व शब्दांनी जोडलेली असणे म्हणजे संसक्ती. वाचकाच्या मनात त्या वाक्यांतून एकच जग उभे राहणे म्हणजे सुसंगती. संसक्ती कागदावर दाखविता येते. सुसंगती मात्र वाचकाला स्वतः घडवावी लागते. म्हणूनच कथनात कोठे दोन विधाने जुळेनाशी झाली की वाचक स्वस्थ बसत नाही, तो तर्क करू लागतो.

हा अनुभव आजच्या तरुण वाचकास नवा नाही. 'हॅरी पॉटर' या अद्भुतकथामालेतील चौथ्या कादंबरीत (२०००) खलनायकाच्या जादूच्या कांडीतून त्याने मारलेल्यांच्या प्रतिमा उलट्या क्रमाने बाहेर पडतात. हॅरीचे वडील आधी मारले गेले व आई नंतर, त्यामुळे आई प्रथम दिसावयास हवी होती. सुरुवातीच्या आवृत्त्यांत वडील प्रथम दिसले. यावर वाचकांनी अनेक उपपत्ती रचल्या. पुढील आवृत्त्यांत क्रम दुरुस्त झाला आणि त्या उपपत्तींचा आधारच नाहीसा झाला. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉ. वॉटसनची युद्धातील जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आहे, १८९० च्या कादंबरीत पायाला. अशा गोष्टींचा गंभीर विद्वत्तेच्या थाटात ऊहापोह करणारा रोनाल्ड नॉक्स यांचा निबंध १९११ चा आहे. तेव्हापासून हा खेळ इंग्रजी वाचकांत रूढ झाला.

मराठी वाचकाने हाच उद्योग फार पूर्वीपासून एका मोठ्या ग्रंथावर केला आहे. तो ग्रंथ म्हणजे महाभारत. येथे चूक कबूल करणारा लेखक समोर नाही आणि दुरुस्त आवृत्तीची वाट पाहण्याची सोय नाही. शिवाय वाचकाचा तर्क समाजाच्या समजुतीत मुरतो व मूळ कथेइतकाच खरा मानला जातो. त्यामुळे तर्काची पारख करण्याची जबाबदारी येथे अधिक आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ विसंगती का निर्माण होतात?

महाभारत एका दमात सांगितलेले नाही, हे ग्रंथ स्वतःच सांगतो. वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतो आणि ती ऐकलेला सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगतो. युद्धाचा वृत्तांत तर संजय धृतराष्ट्राला सांगतो. आदिपर्वातच चोवीस हजार श्लोकांच्या भारताचा आणि एक लाख श्लोकांच्या महाभारताचा असे दोन्ही उल्लेख आहेत. अनेक मुखांतून आणि अनेक शतकांतून वाढलेल्या ग्रंथात सांधे दिसणे स्वाभाविक आहे.

त्यातच हस्तलिखितांचा प्रश्न येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ मध्ये ते पूर्ण केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेतली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. स. सुकथनकरांनी जे तत्त्व पाळले ते आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. अनेक पाठांपैकी सोपा, सुबक पाठ त्यांनी सहसा मूळचा मानला नाही. नकलकार अवघड जागा सोपी करतो, सोपी जागा मुद्दाम अवघड करीत नाही, हे त्यामागील कारण. म्हणजेच विसंगती मिटविणारे पहिले वाचक नकलकारच होते. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहावे, ही सर्वांना प्रिय असलेली कथा हस्तलिखितांच्या पुराव्यावरून मूळ संहितेतून वगळून परिशिष्टात ठेवावी लागली, ती याच शिस्तीमुळे.

४.२.२ तर्कांचे तीन प्रकार

विसंगती दिसल्यावर वाचक तीन वाटांनी जातो.

(अ) कथान्तर्गत तर्क : दोन्ही विधाने खरी मानून त्यांना जोडणारी, पण ग्रंथात न सांगितलेली घटना कल्पिणे.
(आ) संहितानिष्ठ तर्क : दोहोंपैकी एक विधान नंतरच्या थरातले किंवा प्रक्षिप्त मानणे.
(इ) निवेदननिष्ठ तर्क : विधान कोणाच्या मुखी आहे ते पाहून त्याचे वजन ठरविणे.

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू.

४.२.३ उदाहरण पहिले : युद्धारंभीचा चंद्र

युद्ध कोणत्या तिथीला सुरू झाले? उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की, आजपासून सातव्या दिवशी अमावास्या आहे, त्या दिवशी युद्ध जुंपावे. या अमावास्येची देवता शक्र, म्हणजे नक्षत्र ज्येष्ठा. युद्ध अमावास्येला सुरू झाले असे मानले, तर दहाव्या दिवशी, म्हणजे भीष्म पडले तेव्हा, मार्गशीर्ष शुद्ध नवमी येते. अनुशासनपर्वात भीष्म म्हणतात की, शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री गेल्या, माघ आला आहे व शुक्ल पक्ष चालू आहे. नवमीपासून अठ्ठावन्न दिवस मोजले की माघ शुद्ध अष्टमी येते. आपल्या पंचांगांतील भीष्माष्टमीही हीच. येथवर हिशेब चोख आहे.

आता दुसरी बाजू पाहू. शल्यपर्वात, अठराव्या दिवशी, बलराम तीर्थयात्रेहून परततो. पुष्य नक्षत्रावर निघालो, श्रवणावर परतलो, बेचाळीस दिवस झाले, असे तो सांगतो. चंद्र साधारणपणे रोज एक नक्षत्र ओलांडतो. पुष्यापासून श्रवण चौदावे, त्यात सत्तावीस नक्षत्रांचा एक पूर्ण फेरा मिळवला की एकेचाळीस होतात. निघण्याचा दिवस धरल्यास बेचाळीस. बलरामाचे बोलणे स्वतःपुरते निर्दोष आहे. पण अठराव्या दिवशी श्रवण असेल, तर पहिल्या दिवशी मृगशीर्ष येते, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेचा सुमार. द्रोणपर्वातील चौदाव्या रात्रीचे वर्णन याला दुजोरा देते. थकलेली सैन्ये अंधारात चंद्रोदयाची वाट पाहत झोपतात आणि चंद्र उत्तररात्री उगवतो. अमावास्येला आरंभ झाला असता, तर त्या रात्री त्रयोदशीचा चंद्र संध्याकाळपासूनच आकाशात असता.

म्हणजे चार साक्षींपैकी दोन अमावास्येच्या बाजूने आहेत, दोन पौर्णिमेच्या. चिकित्सक आवृत्तीतही या चारही साक्षी राहिल्या आहेत. आता पौर्णिमा मानून भीष्मांचा हिशेब करून पाहा. दहाव्या दिवशी वद्य नवमी आणि अठ्ठावन्न दिवसांनी माघातला वद्य पक्ष. भीष्मांचा शुक्ल पक्ष मोडतो.

या गुंत्यावर मराठी अभ्यासकांनी अपार श्रम घेतले. चिंतामणराव वैद्यांनी युद्धाचे वर्ष इसवी सनापूर्वी ३१०१ मानले. नागपूरचे विद्वान के. ल. दप्तरी यांनी ज्योतिषगणिताच्या पद्धतीने प्राचीन भारताचा कालक्रम मांडणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. १९४२ मध्ये तो नागपूर विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाला. त्यांचे वर्ष इसवी सनापूर्वी ११९७. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांनी इसवी सनापूर्वी ५५६१ हे वर्ष मांडले. एकाच ग्रंथातून निघालेल्या उत्तरांत चार हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. असे का व्हावे? गणित सर्वांना येत होते. फरक पडला तो गणिताच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे कोणते विधान अक्षरशः घ्यावयाचे, कोणते आलंकारिक मानावयाचे आणि कोणते प्रक्षिप्त म्हणून सोडावयाचे, या निवडीत. ही निवड भाषिक आहे. ती उघडपणे सांगितली व तिची कारणे दिली, तरच पुढचे गणित तपासण्याजोगे होते.

४.२.४ उदाहरण दुसरे : विदुर आणि युधिष्ठिर

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' या १९६७ मधील ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, असा प्रश्न त्यात त्यांनी उपस्थित केला. हा कथान्तर्गत तर्काचा उत्तम नमुना आहे.

त्याला आधार असे. मांडव्य ऋषींच्या शापाने धर्म विदुराच्या रूपाने जन्मला आणि युधिष्ठिर हा धर्माचाच पुत्र. नियोगाच्या प्रथेत दिराला स्थान होते. आश्रमवासिकपर्वात वनात झाडाला टेकलेला विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात अवयवशः प्रवेश करतो. मरणासन्न पित्याने आपली इंद्रिये व प्राण पुत्राच्या ठायी ठेवण्याचा विधी उपनिषदांत आहे, त्याचे स्मरण येथे होते. एरवी गूढ वाटणारा हा प्रसंग या तर्काने उजळून निघतो.

प्रतिकूल पुरावाही तितक्याच स्पष्टपणे मांडला पाहिजे. ग्रंथ धर्म या देवतेलाच पिता म्हणतो. दोघेही धर्माचे अंश असतील, तर पितापुत्र नाते न मानताही देहप्रवेशाचा अर्थ लागतो. कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंती शेवटी उघड करते. विदुराविषयी मात्र ती अखेरपर्यंत काहीच बोलत नाही. तर्काच्या बाजूने असे म्हणता येईल की, दासीपुत्राचा मुलगा ठरल्यास युधिष्ठिराचा राज्यावरील हक्कच डळमळला असता, म्हणून हे मौन. पण मौन हा दुबळा पुरावा असतो, कारण त्यातून उलट अर्थही काढता येतो.

प्रश्नाचा प्रश्न म्हणूनच विचार व्हावा, अशा रीतीने हा मुद्दा 'युगान्त'मध्ये येतो. तर्क सिद्ध झाला नाही, तरी तो वाचल्यावर आश्रमवासिकपर्व पूर्वीसारखे वाचता येत नाही. चांगल्या तर्काचे एक लक्षण हेच.

४.२.५ उदाहरण तिसरे : सभेतील हसू

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा कोण हसले? बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असते : द्रौपदी हसली आणि आंधळ्याच्या मुलालाही दिसत नाही, अशा अर्थाचे काही बोलली. मग चिकित्सक आवृत्तीतील सभापर्व उघडावे.

वैशंपायनाच्या निवेदनात सेवक हसतात. भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव हसतात. राजाच्या आज्ञेने दुर्योधनाला कोरडी वस्त्रे दिली जातात. द्रौपदीचा उल्लेख नाही. काही अध्यायांनंतर दुर्योधन हीच घटना पित्याला सांगतो, तेव्हा कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला व द्रौपदीही स्त्रियांसह हसली, असे तो म्हणतो. ही विसंगती आहे. त्यातही कृष्ण त्यापूर्वीच द्वारकेला गेला होता, असे निवेदकाने सांगून ठेवले आहे.

येथे निवेदननिष्ठ वाचन उपयोगी पडते. एक वृत्तांत निवेदकाचा आहे, दुसरा अपमानाने पोळलेल्या पात्राचा. हे पात्र पित्याला द्यूतासाठी राजी करू पाहत आहे. त्याच्या आठवणीत हसणाऱ्यांची संख्या वाढणे हे स्वभावचित्रण ठरते. या दृष्टीने पाहिल्यास विसंगती दोष राहत नाही, तीच अर्थ सांगू लागते. आणि आंधळेपणाविषयीचे ते वाक्य तर दोन्ही वृत्तांतांत नाही. नंतरच्या कथनांनी ते घातले आणि दूरदर्शनवरील मालिकेने (१९८८-९०) ते घरोघर पोहोचविले.

हा तपशील क्षुल्लक नाही. युद्धाचे कारण नीट जुळावे म्हणून कथनकारांनी एक वाक्य भरले, आणि त्या वाक्याने भरसभेत फरफटत आणलेल्या स्त्रीच्या माथी तिच्या विटंबनेचे कारण मारले गेले. तिने बोलून ओढवून घेतले, हे विधान आजही सहज केले जाते. रिकामी जागा भरणारा वाचक कोणावर तरी दोष ठेवत असतो, म्हणून ती भरण्यापूर्वी संहिता उघडून पाहणे हे वाचकाचे नैतिक कर्तव्यही ठरते.

४.२.६ तर्काची पारख

वरील विवेचनावरून चार कसोट्या निश्चित करता येतात.
१. विधान कोणाचे आहे : निवेदकाचे की पात्राचे, आणि ते कोणाला उद्देशून आहे?
२. विधान सर्व प्रमुख हस्तलिखित परंपरांत आहे काय?
३. तर्काविरुद्ध जाणारा पुरावा तर्क करणाऱ्याने स्वतः सांगितला आहे काय?
४. तर्क मान्य केल्यास ग्रंथातील इतर स्थळे अधिक स्पष्ट होतात, की केवळ एक अडचण मिटते?

चंद्राच्या उदाहरणात तिसरी कसोटी निर्णायक ठरते, विदुराच्या उदाहरणात चौथी, द्रौपदीच्या उदाहरणात पहिली.

४.३ आपली प्रगती तपासा

१. संसक्ती आणि सुसंगती यांत काय फरक आहे?
२. युद्ध पौर्णिमेच्या सुमारास सुरू झाले असे सुचविणाऱ्या दोन साक्षी कोणत्या?
३. सुबक पाठाविषयी संपादक साशंक का असतो?

४.४ सारांश

दीर्घ कथन अनेक मुखांतून व अनेक लेखण्यांतून घडते, म्हणून त्यात विसंगती राहतात. वाचक त्या कथान्तर्गत, संहितानिष्ठ किंवा निवेदननिष्ठ तर्काने सोडवू पाहतो. काही विसंगती सुटत नाहीत. त्या तशाच राहू देणे हेही अभ्यासाचे फलित असते. जो तर्क आपले आधार आणि आपल्या अडचणी दोन्ही समोर ठेवतो, तो चुकला तरी वाचन समृद्ध करतो. जो तर्क स्वतःला मूळ कथा म्हणून खपवितो, तो संहितेवर आणि कधी कधी तिच्यातील माणसांवरही अन्याय करतो.

४.५ पारिभाषिक शब्द

पाठभेद : एकाच स्थळी निरनिराळ्या हस्तलिखितांत आढळणारे वेगवेगळे शब्द.
प्रक्षेप : मूळ संहितेत नंतर घातलेला भाग.
उपपत्ती : एखाद्या गोष्टीचा कारणांसह लावलेला उलगडा.

४.६ स्वाध्याय

१. 'विसंगती हा कथनाचा दोषच असतो.' या विधानाचा सभापर्वातील उदाहरणाच्या आधारे परामर्श घ्या.
२. आपल्या गावी कीर्तनात, दंडारीत किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला महाभारतातील एक प्रसंग लिहून काढा. चिकित्सक आवृत्तीतील त्याच प्रसंगाशी तो ताडून पाहा आणि कोणती वाक्ये भरली गेली व त्यांनी दोष कोणाकडे वळविला, याची नोंद करा.