डस्ट कलेक्टरची झडप घेताना

घरच्या सुतारकामासाठी डस्ट कलेक्टर घ्यायला निघालेला माणूस दुकानात मोटारीची हॉर्सपॉवर विचारतो, पिशवीचं कापड चाचपून बघतो. पाईपात बसवायच्या झडपा, म्हणजे ब्लास्ट गेट, तो शेवटी ‘द्या चार-पाच’ म्हणून बिलात घालून घेतो. भाईंदर पूर्वेला गोडदेवमध्ये आमच्या बैठ्या घराच्या मागच्या खोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या अनुभवावरून सांगतो, मोटार थोडी कमी ताकदीची असली तर भागतं. गेट वाईट असेल तर मोठी मोटारही फुकट जाते.

एका कलेक्टरवर टेबल सॉ, बॅण्डसॉ, रंधा मशीन, सँडर असं सगळं जोडलेलं असतं. जे मशीन चालू, त्याचंच गेट उघडं आणि बाकीची बंद, तरच सगळी ओढ एका तोंडाशी मिळते. लाकडाचा भुसा पाईपात न साचता पुढे जायला हवेचा वेग मिनिटाला साधारण ४००० फूट लागतो. चार इंची पाईपात तेवढा वेग टिकवायचा तर मिनिटाला जवळजवळ ३५० घनफूट (सीएफएम) हवा त्या एका तोंडातून गेली पाहिजे. घरगुती मशीनची कुवत बेताची असते. त्यातली हवा इतर गेटांच्या फटींतून शिरू लागली की करवतीपाशी ओढ उरत नाही.

माझ्या कलेक्टरबरोबर काळ्या प्लास्टिकची गेट आली होती. दिसायला नेटकी, पाताही हलका सरकायचा. पण पाता ज्या खाचेत जाऊन बसतो ती खाच तळाशी बंद. गेट उघडं असताना भुसा तिच्यात उतरतो आणि पाता परत ढकलला की तोच भुसा खाली दाबला जातो. दर वेळी थोडा थोडा. उन्हाळ्यात हे लक्षातही येत नाही. आमच्याकडे एका बाजूला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं; पावसाळा लागला की हवेतला ओलावा भुशात मुरतो. एमडीएफची पूड तर खाचेत बसून कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट होते. ऑगस्टमध्ये गेट उतरवून पाहिलं तेव्हा खाचेच्या तळाशी तपकिरी थर इतका आवळून बसला होता, की पटाशीच्या कोपऱ्यानं खरवडून काढावा लागला. पाता पूर्ण बंद झाल्यासारखा हाताला लागायचा, पण सेंटिमीटरभर अलीकडेच अडायचा.

सेंटिमीटरभर म्हणजे किती, हे कागदावर मांडून बघावं. चार इंची गोल तोंडाची कडेची एवढी फट म्हणजे त्या तोंडाच्या सुमारे पाच टक्के जागा. अशी चार गेट अर्धवट मिटलेली असली तर एका तोंडाच्या पाचव्या हिश्श्याएवढी गळती झाली. त्यात ही गेट लांबच्या होजच्या मानानं कलेक्टरच्या जवळ असली, तर हवा सोप्या वाटेनं तिथूनच आधी शिरते.

आणि जी धूळ ओढली जात नाही ती आपण ओढतो. इंग्लंडात हाय विकम भागातल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण फार जास्त असल्याचं संशोधन १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. डोळ्यांना दिसणारा भुसा जमिनीवर पडतो, झाडून निघतो. घात करते ती न दिसणारी बारीक धूळ, जी सँडिंग थांबल्यावरही बराच वेळ खोलीत तरंगत राहते. घरात लहान मुलं असतील, वर्कशॉपचं दार स्वयंपाकघराकडे उघडत असेल, तर हा विषय एकट्या कारागिराचा राहत नाही.

म्हणून गेट हातात घेतल्यावर पहिली गोष्ट बघा : खाच आरपार आहे का? आरपार खाचेच्या गेटात लांब पाता एका बाजूनं आत जाताना साचलेला भुसा दुसऱ्या बाजूनं बाहेर ढकलतो. त्याला ‘सेल्फ क्लीनिंग’ म्हणतात. जागा थोडी जास्त लागते, पण आमच्यासारख्या दमट हवेत मी दुसरं काही सुचवणार नाही. बंद खाचेचं गेट आधीच घरात असेल तर ते फिरवून असं बसवा, की खाचेचा बंद भाग वर येईल आणि पाता खालून ओढला जाईल. मग भुसा साचत नाही. फक्त पाता आपल्या वजनानं घसरू नये म्हणून कसायचा स्क्रू हवा.

दुसरी गोष्ट धातू की प्लास्टिक. ओतीव ॲल्युमिनियमचं गेट महाग पडतं, पण गंजून अडत नाही आणि वाकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पत्र्याचं स्वस्त मिळतं. पत्रेवाले त्याला डँपर म्हणतात. मात्र कापलेल्या कडेला जस्त नसतं, आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. पातळ प्लास्टिकच्या गेटाची चौकट क्लिप जास्त आवळली की लंबगोल होते आणि पाता अडतो. हातानं बनवणार असाल तर चौकटीला मरीन प्लाय चालेल, पाता मात्र ॲक्रिलिकचा किंवा ॲल्युमिनियम पत्र्याचाच घ्या. एमडीएफचा पाता मे महिन्यात लोण्यासारखा सरकतो हे खरं, पण जुलैत फुगून बसला की हलत नाही.

बसवताना गेट मशीनला चिकटूनच हवं असं नाही. मुख्य पाईपातून फाटा जिथे फुटतो त्याच्या जवळ बसवलं तर बंद फाट्यात भुसा शिरत नाही. पण हात सहज पोचला पाहिजे. वाकून, टेबलाखाली हात घालून उघडावं लागणारं गेट आठवड्याभरात कायमचं उघडं राहतं. फाटा काढताना काटकोनी टी टाळा, ४५ अंशांचा वाय वापरा. मुख्य पाईप सहा इंची असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा : त्याचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं. एकच चार इंची गेट उघडं ठेवलं तर मुख्य पाईपातला वेग निम्म्याहून खाली येतो आणि भुसा वाटेतच बसतो. अशा वेळी दुसरं एक गेट मुद्दाम उघडावं लागतं. घरगुती मशीनला म्हणूनच मुख्य पाईप फार मोठा घेऊ नये.

गळती तपासायला काहीजण अगरबत्ती धरतात. कृपा करून धरू नका. ठिणगी आत ओढली गेली तर ती थेट भुशाच्या पिशवीत जाऊन पडते. टिश्यू पेपरची बारीक पट्टी बंद गेटाच्या सांध्यापाशी धरा. ती आत खेचली गेली तर फट आहे. ठिणगीच्या याच भीतीमुळे लोखंडाला धार लावायचा ग्राइंडर या पाईपाला कधी जोडू नका. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे पुष्कळ, बफिंगवाले शेजारी पुष्कळ, आणि ‘एक फाटा आम्हालाही द्या’ असं कोणी सहज म्हणतं. मधे गेट असलं तरी ते ठिणगी अडवायला बनवलेलं नसतं. नाही म्हणून सांगा.

आता मापाचं. परदेशी बनावटीचं ‘चार इंची’ गेट बाहेरून १०० मिलिमीटरच्या आसपास असतं. आपल्या प्लंबरच्या दुकानात चार इंची म्हणून मिळणारा पीव्हीसी पाईप बाहेरून ११० मिलिमीटर. आतून, जाडीप्रमाणे, १०३ ते १०५. म्हणजे गेट पाईपात सैल बसतं. मला विकणाऱ्यानं ‘बसतं हो, टेप मारा’ सांगितलं होतं. तो टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटला. रबरी कपलिंग आणि दोन्ही टोकांना क्लिप लावली तर सांधा घट्ट बसतो आणि गेट साफ करायला उतरवताही येतं. सोल्व्हंट सिमेंटनं कायमचं चिकटवू नका. मुंबईत हार्डवेअर बाजारात नागदेवी स्ट्रीटला जा, नाहीतर घरबसल्या मागवा, आधी गेटाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये विचारा. दुकानात जात असाल तर आपल्या पाईपाचा वीतभर तुकडा कापून पिशवीत टाका आणि गेट त्यात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.