जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलताना

मुलुंड (पश्चिम)



पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे, स्टेनलेस स्टीलचा जो फुगीर डबा असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजच्या बोलीत कॅटकॉन. डब्यात सिरॅमिकचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे आरपार गेलेली असतात, एका चौरस इंचात साधारण ४००. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण. ठोकळा अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापला की काम सुरू होते: विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. या क्रियेत धातू खर्च होत नाहीत. म्हणूनच ठणठणीत इंजिनामागचा कॅटकॉन पुष्कळदा गाडीइतकाच टिकतो. तो मध्येच निकामी झाला, तर कारण बहुधा त्याच्या पुढे, इंजिनातच असते. नवा विकत घेण्याआधी हे कारण शोधणे हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे, आणि नेमके तेच सर्वांत जास्त टाळले जाते.

गाडी कोणत्या काळातली आहे, यावर पुढची निवड अवलंबून असते. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला आणि त्यासाठी तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे धातूंच्या कणांवर बसले की कॅटकॉन कायमचा बाद होतो. त्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा-इंधनाचे प्रमाण सतत तपासणारी व्यवस्था नव्हती. पुढे फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले. सेन्सरच्या सांगण्यावरून एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखले जाऊ लागले, आणि तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा कॅटकॉन खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. मुंबईत भारत स्टेज २ हे मानक २००१ मध्ये आले, स्टेज ३ एप्रिल २००५ मध्ये, स्टेज ४ एप्रिल २०१० मध्ये आणि स्टेज ६ एप्रिल २०२० मध्ये. प्रत्येक टप्प्यावर धातूंचे प्रमाण, ठोकळ्याचा आकार आणि त्याची जागा बदलत गेली. जुन्या गाड्यांत डबा सीटखाली, तळाशी असे. स्टेज ४ च्या बऱ्याच गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, म्हणजे तो लवकर तापतो. पण त्यामुळेच इंजिनाच्या दुखण्याचा पहिला फटकाही त्यालाच बसतो. आरसी बुकावरची उत्पादनाची तारीख आणि मानकाची नोंद आधी पाहावी, दुकान नंतर गाठावे.

कॅटकॉन खरोखर गेला आहे का, हा पुढचा प्रश्न. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने पी ०४२० हा कोड दाखवला, की बरेच मेकॅनिक लगेच “कॅटकॉन बदलावा लागेल” असे सांगून मोकळे होतात. या कोडचा अर्थ एवढाच की कॅटकॉनच्या मागे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला कॅटकॉनचे काम कमी दिसते आहे. मागचा सेन्सर थकला असेल, किंवा नळीच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरी हाच कोड येतो. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांची रेषा शेजारी शेजारी पाहिली की बराच उलगडा होतो. इंजिन गरम असताना पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली होत राहतो. कॅटकॉन चांगला असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर संशयाला आधार आहे.

कॅटकॉन तुंबला असेल तर लक्षणे वेगळी. गाडीचा पिकअप मरतो, चढावर इंजिन गुदमरल्यासारखे होते, जास्त आरपीएमला गाडी पुढे सरकतच नाही. अशा वेळी पुढचा सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवायचा आणि इंजिन २५०० आरपीएमला धरायचे. दाब ३ पीएसआयच्या वर गेला, तर नळीत अडथळा आहे. डब्यावर रबरी हातोडीने हलकेच टकटक केल्यावर आत खडखड ऐकू आली, तर ठोकळा फुटला आहे, तिथे आणखी तपासाची गरज नाही. या तपासण्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ द्यायला तयार नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये.

आता कारणाकडे. सर्वांत मोठे कारण मिसिंग. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल नीट ठिणगी देत नसेल, तर त्यातले पेट्रोल न जळताच नळीत जाते आणि कॅटकॉनच्या तापलेल्या ठोकळ्यात पेटते. तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊन सिरॅमिक वितळते आणि छिद्रे बुजतात. दुसरे कारण ऑइल. पिस्टन रिंगा किंवा वॉल्व्ह सील झिजलेल्या इंजिनात ऑइल जळते. त्यातला फॉस्फरस ठोकळ्यावर थर धरतो. हेड गॅस्केट गळून कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असेल, तरी असेच काहीसे होते. इंजिन जोडताना साधे सिलिकॉन सीलंट लावले, तर त्याची वाफ सेन्सरलाही मारते आणि कॅटकॉनलाही. म्हणून सेन्सरला अपाय न करणारे सीलंटच वापरायचे असते.

उपनगरांतली काही कारणे खास इथली आहेत. इथल्या असंख्य गाड्या सीएनजीवर चालतात. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर कसेबसे चालणारे जुने प्लग गॅसवर मिसिंग करतात, आणि मालकाला ते ट्रॅफिकमध्ये जाणवतही नाही. सीएनजीतला मिथेन मोडणेही कॅटकॉनला अवघड जाते. कंपनीच्याच सीएनजी मॉडेलचा कॅटकॉन आणि पेट्रोल मॉडेलचा कॅटकॉन वेगळा असू शकतो. दोन्हींचे पार्ट नंबर पडताळावेत. घाटकोपरच्या घरापासून स्टेशनपर्यंत आणि परत, एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी पुरेशी तापतच नाही. नळीत पाणी साठते आणि डबा आतून गंजतो. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, तर शेकडो अंश तापलेला ठोकळा एकदम थंड पाण्यात बुडतो आणि त्याला तडा जाऊ शकतो. स्पीडब्रेकरवर तळ आपटणे हे तर रोजचेच. पेट्रोलमधले इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. सेन्सर असलेली गाडी इंधनाचे प्रमाण बऱ्याच अंशी जुळवून घेते. जुन्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही, तिथे ट्यूनिंग हाताने करून घ्यावे लागते.

हे सगळे दुरुस्त केल्याशिवाय नवा कॅटकॉन बसवला, तर नवाही लवकरच जुन्याच्या वाटेने जातो. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन हे आधी. ऑइल पिणारे इंजिन असेल तर आधी त्याचा खर्च. तो झेपत नसेल तर कॅटकॉनवर पैसे घालू नयेत, गाडीचाच विचार करावा.

निवडीचे मार्ग मोजके आहेत. गाडीच्या कंपनीचा अस्सल भाग हा पहिला. तो महाग असतो, जुन्या मॉडेलसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते, आणि कधी तो बंदच झालेला असतो. तरीही २०१० नंतरच्या, मागे-पुढे दोन सेन्सर असलेल्या गाडीसाठी तोच घेणे शहाणपणाचे. अशा गाडीचा संगणक कॅटकॉनच्या कामावर सतत नजर ठेवतो. हलका माल बसवला की काही आठवड्यांत दिवा पुन्हा पेटतो आणि पैसे दोनदा जातात.

दुसरा मार्ग बाहेरच्या उत्पादकाचा कॅटकॉन, मॉडेलसाठीच बनवलेला किंवा ‘युनिव्हर्सल’. स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना हा चालू शकतो, पण तो डोळसपणे घ्यावा. इंजिनाची क्षमता, ठोकळ्याचा व्यास व लांबी, छिद्रांची घनता आणि मौल्यवान धातूंचे प्रमाण हे सगळे जुळले पाहिजे. डबा बाहेरून सारखा दिसतो म्हणून आतला ठोकळा सारखा असतोच असे नाही. स्वस्त मालात काटकसर धातूंतच होते, आणि ती दिसत नाही. परदेशात यावर स्पष्ट नियम आहेत. अमेरिकेत अशा बदली कॅटकॉनने किमान २५,००० मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर, आपले काम करावे अशी अट आहे. कॅलिफोर्नियात तर तो मॉडेलनिहाय मंजूर करून घ्यावा लागतो. युरोपातल्या मंजूर मालावर वर्तुळातला ‘ई’ आणि नियम १०३ चा क्रमांक कोरलेला असतो. इथल्या दुकानदाराकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीचा कागद मागावा, आणि किलोमीटरची हमी बिलावर लिहून घ्यावी. लिहून द्यायला नकार मिळाला, तर त्या मालाबद्दल आणखी चौकशीची गरज नाही.

तिसरा मार्ग वापरलेल्या मालाचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि तिथे प्रामाणिक दुकानदारही आहेत, पण कॅटकॉन ही वस्तू जुनी घेण्याजोगी नाही. एका टोकाकडून टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने पाहिल्यास प्रकाश सगळ्या छिद्रांतून सारखा येतो का, हलवल्यावर आवाज येतो का, शिवणीवर ताज्या वेल्डिंगची रेघ आहे का, एवढे दिसते. ताजी रेघ म्हणजे डबा उघडून आतला ठोकळा काढून घेतल्याची शक्यता. धातूंचे कण अजून जिवंत आहेत की तेलाने मेले आहेत, हे मात्र डोळ्यांना कधीच कळत नाही. शिवाय २०२० नंतर महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर याच धातूंसाठी चोरीला जाऊ लागले. बिलाशिवाय मिळणारा माल अशा साखळीतून आलेला असू शकतो.

आणखी एक सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो: आतला ठोकळा फोडून डबा रिकामा करायचा, किंवा त्या जागी साधी नळी घालायची. मोठ्या गाडीत पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, खर्च नगण्य येतो. हा सल्ला कदापि मानू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण खरे कारण दंड नाही. उपनगरांतल्या अरुंद रस्त्यांवर, सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा धूर शेजारच्या रिक्षात बसलेल्या बाईच्या आणि फुटपाथवरच्या पोराच्या उंचीला बाहेर पडतो. हवा-इंधनाचे प्रमाण बिघडलेल्या जुन्या इंजिनाचा धूर कॅटकॉनशिवाय सोडणे म्हणजे तो त्यांच्या नाकात सोडणे.

बसवताना गॅस्केट आणि बोल्ट नवे घ्यावेत. स्टेनलेस डब्याला आर्गन वेल्डिंगच करून घ्यावे. साध्या वेल्डिंगचा जोड पावसाळ्यात गंजतो. डब्यावरची बाणाची खूण धुराच्या प्रवाहाच्या दिशेने असली पाहिजे, आणि वरचे उष्णतारोधक पत्रे पुन्हा जागेवर बसले पाहिजेत. हे पत्रे कित्येकदा खडखडतात म्हणून फेकून दिले जातात आणि मग तळाचे वायरिंग तापते. ऑक्सिजन सेन्सर खूप जुना असेल तर तोही याच वेळी बदलणे परवडते, कारण नंतर तो गंजून बसला की काढताना आटे तुटतात.

काम झाल्यावर गाडी निदान अर्धा तास, शक्य तर पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर, चालवून मगच पीयूसी करावी. थंड कॅटकॉनवर घेतलेली चाचणी चांगल्या गाडीलाही नापास करते. स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. स्टेज २ व ३ साठी ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. नुसते प्रमाणपत्र न घेता त्यावरचे आकडे वाचावेत. आकडे मर्यादेच्या आत पण अगदी काठावर असतील, तर कुठेतरी अजून दुखणे शिल्लक आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची फेरनोंदणी अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) किंवा बोरिवली (एमएच ४७) आरटीओत करताना हे प्रमाणपत्र लागतेच. कॅटकॉनचे बिलही फाइलमध्ये असू द्यावे.

राहिला काढलेला जुना डबा. त्यातल्या धातूंना बाजारात भाव आहे आणि तो मालकाचा आहे, गॅरेजचा नाही. काम देतानाच जुना भाग परत हवा असे सांगावे, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. भंगारवाल्याला देताना एकाच ठिकाणी न देता दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, आणि नाव-पत्ता असलेली पावती घ्यावी.