शेततळ्यात शिरणारा गोबी मासा

कोकणातील निवटी तुम्ही ऐकून असाल. तिच्याच गोबी गटातील ‘ग्लॉसोगोबियस ग्युरिस’ हा मासा आपल्या पंचगंगेतही आढळतो. चपटे डोके, पुढे आलेला खालचा जबडा आणि पोटाखाली जुळून वाटीसारखे झालेले पर यांवरून तो ओळखावा. तो तळाशी राहून कीटक, झिंगे व लहान मासे खातो. नदीच्या पाण्याबरोबर त्याची पिले शेततळ्यात आल्यास पुढे कटला-रोहूच्या बीजास धोका होतो. यासाठी बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण सुकवावे, पाणी बारीक जाळीतून गाळून भरावे आणि मत्स्यजिऱ्यांऐवजी मोठी बोटुकली सोडावी. नदीत मात्र त्यास मारू नये. तो तेथील मूळचाच मासा आहे.