पाटी आधी, गीत नंतर
वाचन : लूक १:५-२५, ५७-८०, मार्क ७:३१-३७

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात नोकरीनिमित्त देशभरातून आलेली तरुण मंडळी राहतात. त्यांपैकी उपासनेत कीबोर्ड वाजवणारा एखादा तरुण एके सकाळी उठतो आणि एका कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही, असे समजा. कानात सतत गुणगुण चालू आहे आणि ओळखीचा सूरही परका वाटतो आहे. असे खरोखर घडते. विमानातून उतरल्यावर आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाले, असे पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. विषाणूच्या आघाताने श्रवणाच्या ज्ञानतंतूंना इजा झाल्याचे त्यांचे निदान होते. अशा प्रसंगी आपला विश्वास काय सांगतो?

१. एका शब्दाचा विचार
लूक १:२२ मध्ये जखऱ्याविषयी मूळ ग्रीक शब्द 'कोफोस' असा आहे. या शब्दाचा अर्थ मुका असाही होतो आणि बहिरा असाही. मार्क ७:३२ मध्ये तोच शब्द बहिऱ्या मनुष्यासाठी आला आहे. मराठीत मात्र भाषांतरकाराला दोहोंपैकी एक अर्थ निवडावा लागतो. पुढे ६२ व्या वचनात नातलग जखऱ्याला खुणा करून विचारतात. केवळ मुक्या मनुष्याला खुणा कशाला कराव्या लागतील? म्हणून त्याचे ऐकणेही बंद झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. लोक बाहेर वाट पाहत असता हा याजक अवाक होऊन मंदिरातून आला. तरीही २३ व्या वचनाप्रमाणे सेवेचे दिवस पूर्ण करूनच तो घरी गेला.

२. एक सावधगिरी
जखऱ्याचे मौन हे देवदूताने दिलेले विशेष चिन्ह होते. त्यावरून प्रत्येक बहिरेपण अविश्वासाची शिक्षा ठरवणे हा शास्त्राचा विपर्यास होय. जन्मांधाविषयी असाच प्रश्न आला, तेव्हा पाप कोणाचे हा हिशेब प्रभूने नाकारला (योहान ९:३). आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाची परीक्षा घेणे हे आपले काम नव्हे.

३. आपले कर्तव्य
तीन दिवसांच्या आत ऐकणे असे एकाएकी कमी झाले, तर ती तातडीची बाब आहे. सर्दी असेल, मळ असेल, अशा समजुतीने थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. काहींचे ऐकणे परत येते, काहींचे येत नाही. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. यंत्राच्या साहाय्याने बोलणे समजू लागले तरी संगीत पूर्वीसारखे ऐकू येईलच असे नाही, हेही त्या तरुणाला प्रामाणिकपणे सांगावे.

मंडळीने प्रभूपासून शिकावे. त्याने बहिऱ्याला गर्दीतून बाजूला नेले, कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला. ऐकू न येणाऱ्याला कळेल अशाच रीतीने तो त्याच्याशी बोलला. आपणही समोर उभे राहून, सावकाश बोलावे, लिहून दाखवावे, आणि वादकांमधील त्याची जागा त्याला न विचारता दुसऱ्यास देऊ नये.

४. गीत केव्हा आले?
बेथोव्हेनचे ऐकणे तिशीच्या आतच मंदावू लागले. ऑक्टोबर १८०२ मध्ये त्याने भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात आपली निराशा ओतली. ते पत्र त्याने कधी पाठवले नाही. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात त्याची नववी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता. तथापि प्रत्येक तरुणाकडून आपण अशी अपेक्षा करू नये. दुःखाला आधी वाट मिळू द्यावी.

जखऱ्याच्या कथेतील क्रम लक्षात घ्या. ६३ व्या वचनात तो पाटी मागतो आणि देवाने सांगितलेले नाव लिहितो. त्याचे तोंड उघडते ते ६४ व्या वचनात. गीत त्यानंतर येते. पाटीवर लिहिताना त्याचा आवाज अजून परत आलेला नव्हता. जे उरले होते त्या हाताने त्याने आज्ञापालन केले. ऐकणे परत येवो वा न येवो, एवढे आज्ञापालन आजही शक्य आहे, आणि देव ते स्वीकारतो.

मननासाठी : आपल्या मंडळीत ऐकू न येणारे कोणी आहे काय? त्यांच्यासाठी आपण कोणती पाटी पुढे केली आहे?