चाळिसात तीन, म्हणजे फार का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत चाळीसेक ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यातल्या तिघांना डिमेन्शिया असल्याचं गेल्या वर्षभरात कळलं. गावाकडे असं कधी ऐकलं नव्हतं. शहरात राहिल्यामुळे हा आजार वाढतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : एकाच आवारातले तिघे म्हटल्यावर काळजी वाटणारच. पण हे प्रमाण जगावेगळं नाही. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठी ओलांडलेल्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दर तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. तुमच्या सोसायटीचं गणित नेमकं त्यात बसतं. त्यातही पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी हे प्रमाण साधारण दुप्पट होत जातं. ऐंशीपुढचे रहिवासी जास्त असतील, तर आकडा आणखी वाढेल.

शहराला मात्र दोष देऊ नका. याच पाहणीत खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघालं आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमधलं जास्त. लहानपणी शाळा न मिळणं हा या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

मग गावाकडे का ऐकलं नव्हतं? २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात याचं उत्तर सापडतं. रूढ वैद्यकीय निकष लावले तेव्हा भारतातल्या ग्रामीण भागात पासष्टीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण जेमतेम ०.३ टक्के भरलं. स्थानिक परिस्थितीला जुळवून घेतलेल्या कसोट्या लावल्यावर ते कितीतरी पटींनी वाढलं. रूढ निकषांत रोजच्या व्यवहारात अडचण येते का, हे पाहिलं जातं. पण भरल्या घरातल्या आजीवर कुठलंच काम सोपवलेलं नसतं. ताट हातात येतं, नातू हाताला धरून देवळात नेतो. अडचण दिसणार कुठे? दिसली तरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो.

शहरात असं झाकलं जात नाही. फ्लॅटमध्ये दोघंच, मुलं परगावी. आजोबा लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरतात आणि तिथल्या दाराला आपली किल्ली लावत राहतात. बँकेत सही जुळत नाही. परातीत कणीक भिजवून ठेवलेली असताना आजी पुन्हा पिठाचा डबा उघडतात. निदान न झालेली घरं आपल्याकडे फार आहेत आणि मला खरी चिंता त्यांची वाटते. तुमच्या सोसायटीतल्या त्या तिघांचं निदान तरी झालं.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. चाळीस वर्षं केलेल्या आमटीचा क्रम चुकणं, रोजच्या रस्त्यावर वाट न सापडणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, असं होऊ लागलं तर फॅमिली डॉक्टरांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या यांमुळेही अगदी असंच विस्मरण होतं आणि ते बऱ्याचदा सुधारतं. वयाचा परिणाम समजून घरी बसलात, तर ती संधी हातची जाते.

२०२४च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगे चौदा धोके नोंदवले. ते सगळे दूर करता आले, तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा हे त्यातले ओळखीचे. कमी ऐकू येणं हाही त्यातलाच एक, आणि आपल्याकडे त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. सोसायटीत पुढचं आरोग्य शिबिर भरवाल तेव्हा रक्तातल्या साखरेबरोबर कानांचीही तपासणी ठेवा. आणि वॉचमनला त्या तिघांच्या घरचे फोन नंबर देऊन ठेवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे. तोही नंबर नोटीस बोर्डावर लावा.