सेवकालाही सोबती हवा
(वाचन : प्रेषितांची कृत्ये 18:24-28)



अपुल्लोस मोठा वक्ता होता. शास्त्राचा त्याचा अभ्यास दांडगा होता. इफिसच्या सभास्थानात तो आवेशाने येशूविषयी बोलत असे; पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. ही उणीव अक्विला व प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याच्या लक्षात आली. त्यांनी त्याला चारचौघांत अडवले नाही, की मागे कुजबूज केली नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. विद्वान अपुल्लोसने कष्टकऱ्यांचे ऐकले. पुढे अखयात बंधुजनांना त्याचे फार साहाय्य झाले.

म्हणजे सेवकाची घडण दीक्षेच्या दिवशी संपत नाही. पौलाने तीमथ्यालाही मिळालेले कृपादान पुन्हा प्रज्वलित करण्यास सांगितले (2 तीमथ्य 1:6). याच वचनाच्या आधारे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली धर्मगुरूंच्या निरंतर प्रशिक्षणाविषयी लिहिले. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत स्थान दिले व तिच्यासाठी योग्य शिक्षणही आवश्यक मानले.

आपल्या मराठवाड्यात श्रद्धेचे बीज पेरणारे मिशनरी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संस्थेचे होते. हे संत स्वतः बिशप. तरी संत जेन डी शांताल यांना ते वर्षानुवर्षे पत्रांतून मार्गदर्शन करीत राहिले. गावोगावच्या मास्तरांनी आपल्या वाडवडिलांना प्रार्थना शिकवल्या, त्यांच्याही पाठीशी फादर होते.

आज अंबड परिसरात वस्तीवर प्रार्थना चालवणारा भाऊ दिवसभर कापूस वेचून आलेला असतो. एका शिबिराने त्याचे भागत नाही. महिन्यातून एकदा कोणी शेजारी बसून ‘कसे चालले आहे? काय अवघड जाते?’ असे विचारणारा हवा. वाचनात अडखळलेल्या मुलीला आपण हसलो, तर ती पुन्हा पुढे येणार नाही. घरी बोलावून तिच्याकडून वाचन करवून घेतले, तर पुढच्या रविवारी तिचा आवाज मोकळा होईल.

फादरांचेही तसेच. प्रवचन आवडले तर सांगावे. काही खटकले तर एकटे गाठून, आदराने सांगावे. आणि चूक दाखवली म्हणून सेवकांनी रुसू नये. अपुल्लोस रुसला नाही.

घरी विचार करा :
1. या महिन्यात मी कोणत्या सेवकाच्या सोबत बसेन?
2. माझी चूक प्रेमाने सांगणारे माणूस मला आहे का? मी त्याचे ऐकतो का?